म्हण कोणाची, जीभ कोणाची?

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



काल दुपारी आपण बायकांविषयीच्या मराठी म्हणी गोळा केल्या. फळा भरला, मागची बाजूही भरली. हसूनही झालं आणि शेवटी शेवटी हसू येईनासं झालं. संयोजक मैत्रिणींनी मला आज तमीळविषयी बोलायला सांगितलं तेव्हा काहीजणींनी भुवया उंचावल्या, ते मी पाहिलं. आपल्या घरच्या म्हणी काय कमी आहेत, की दुसऱ्यांच्या उकरायच्या?

माझं कारण साधं आहे. मी धारावीत काम करते. तिथं तिरुनेलवेलीकडून चामड्याच्या धंद्यासाठी आलेल्या कुटुंबांच्या चार-चार पिढ्या झाल्या आहेत. आमच्या सल्ला केंद्रात येणाऱ्या बऱ्याचजणींची भाषा तमीळ आहे. समाजकार्याच्या पदवीत मला कायदा शिकवला, समुपदेशन शिकवलं, सर्वेक्षण शिकवलं. पण समोरची सासू एखादं जुनं वचन टाकते, सगळी खोली मान डोलावते आणि तिथंच केस बंद होते, तेव्हा काय करायचं, हे काही शिकवलं नाही. म्हणून मी त्या वचनांच्या मागे लागले. मी पंडित नाही. बोलण्यापुरती तमीळ येते. ग्रंथ अनुवादांतून वाचले आणि अडलं तिथं वस्तीतल्या एका निवृत्त शिक्षिकेला विचारलं. आपल्या साने गुरुजींनी तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात तमीळची ओळख करून घेतली आणि पुढे ‘कुरल’ मराठीत आणलं, १९४८ मध्ये. तेव्हा ही वाट मराठी माणसाला अगदीच परकी नाही.

आता मुद्द्यावर येते. तमीळ मुलाला अक्षरं शिकवतात ती ‘आत्तिचूडी’तून. एकेका अक्षराला एकेक छोटं सूत्र, एकूण १०९. सूत्र म्हणजे दोन-तीन शब्द, लहान मुलाच्या तोंडात सहज मावतील एवढे. पहिलं धर्मानं वागायची इच्छा धरण्याविषयी आहे, दुसरं राग आवरण्याविषयी. पुढे दान, शेती, अभ्यास, संगत असं सगळं येतं. अतिशय सुंदर योजना आहे, हे मान्य करायलाच हवं. अक्षर आणि नीती एकाच घासात. आणि मग ‘तै’ हे अक्षर येतं. त्याचं सूत्र सांगतं की बाईचं बोलणं ऐकू नये.

पाच वर्षांचं पोर हे घोकतं. घोकून घेते बहुतेक वेळा आईच. आणि हे सूत्र रचणारी म्हणून जिचं नाव सांगतात, ती अव्वैयारही बाईच.

आता या अव्वैयारकडे जरा नीट बघू या, कारण ती एक बाई नाही. ‘अव्वै’ म्हणजे आदरणीय वृद्धा, आजी म्हणा. या नावाच्या निदान दोन कवयित्री वेगवेगळ्या काळातल्या आहेत. पहिली संघम काळातली, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. तिच्या नावावर ५९ कविता आहेत. ती अदियमान नावाच्या सरदाराच्या दरबारी होती. दीर्घायुष्य देणारा दुर्मिळ आवळा त्यानं स्वतः न खाता तिला दिला, अशी कथा आहे. तिला त्यानं तोंडैमान राजाकडे वकील म्हणून पाठवलं. तोंडैमाननं आपलं शस्त्रागार दाखवलं. मोरपिसं, हार, तूप चोपडलेली लखलखीत हत्यारं. अव्वैनं त्यांची तोंडभर स्तुती केली आणि सांगितलं, की आमच्या धन्याची हत्यारं मात्र मोडून बोथट होऊन लोहाराच्या झोपडीत पडलेली असतात. ऐकणाऱ्यानं काय समजायचं ते समजावं! युद्धाच्या तोंडावर एका राजानं बाईला बोलायला पाठवलं आणि दुसऱ्यानं तिचं ऐकून घेतलं. ही पहिली अव्वै.

दुसरी मध्ययुगातली. साधारण बारावं शतक सांगतात. ‘आत्तिचूडी’, ‘कोन्रै वेंदन्’, ‘मूदुरै’, ‘नल्वळी’ या तिच्या नावावरच्या रचना. बाईचं ऐकू नये म्हणणारी ती हीच. भोळेपणा, अजाणपणा हा बाईचा दागिना, असंही ‘कोन्रै वेंदन्’मध्ये आहे. आणि हीच ‘नल्वळी’त म्हणते की जाती दोनच, देणाऱ्यांची आणि न देणाऱ्यांची. जातीबद्दल एवढं धारदार बोलणारी बाई बाईबद्दल असं का बोलते?

मला याचं उत्तर लोककथेत थोडं सापडतं. अव्वै तरुण आणि देखणी होती, घरचे लग्न ठरवत होते. तिनं पिळ्ळैयारला, म्हणजे आपल्या गणपतीला साकडं घातलं, की माझं रूप काढून घे, मला म्हातारी कर. क्षणात ती म्हातारी झाली आणि घराबाहेर पडली. १९५३ च्या ‘अव्वैयार’ या चित्रपटात के. बी. सुंदरांबाळ यांनी ही भूमिका केली आणि घराघरात अव्वैचा तोच चेहरा झाला. काठी टेकत गावोगाव फिरणारी, राजालाही चार शब्द सुनावणारी आजी. कथा गोड आहे, पण तिचा अर्थ बघा. बोलण्याचा अधिकार हवा असेल तर तारुण्य, शरीर, लग्न, सगळं आधी ठेवून ये. बाई म्हणून बोलायचं नाही, आजी म्हणून बोलायचं. आणि आजी जे बोलेल ते घराच्या बाजूनंच असायला हवं. आपल्या संस्थांमधल्या, पंचायतींमधल्या किती ज्येष्ठ बायकांना आपण हाच सौदा करताना बघतो!

टीकाकारांनी त्या सूत्राला मऊ करायचा प्रयत्न केला आहे. बायकोचं बोलणं ‘विचार न करता’ ऐकू नये, असा खुलासा करतात. पण ‘विचार न करता’ हे शब्द सूत्रात नाहीत, ते टीकाकारांच्या पदरचे. शिवाय विचार न करता नवऱ्याचं ऐकू नये, असं सूत्र मला अजून कुठे भेटलं नाही.

आता थोडं मागे जाऊ. संघम काळानंतरच्या काही शतकांत तमीळमध्ये नीतिपर ग्रंथांची लाटच आली. ‘पदिनेण्कीळ्कणक्कु’ म्हणजे अठरा छोट्या ग्रंथांचा संच. त्यातले बरेच नीतीचे आहेत आणि अनेकांचे कर्ते जैन. त्यांची नावं ऐकून मला मौज वाटली. एकाचं नाव ‘तिरिकडुगम’, म्हणजे आपलं त्रिकटू: सुंठ, मिरी, पिंपळी. त्याच्या प्रत्येक पद्यात तीन गोष्टी सांगितलेल्या असतात. दुसरा ‘सिरुपंचमूलम’, पाच मुळांचा काढा. तिसरा ‘एलादि’, वेलदोडा धरून सहा जिनसा. म्हणजे उपदेश हे औषध. कडू लागलं तरी नाक दाबून घ्यायचं, आणि मात्रा वैद्यानं ठरवायची. घरात सुंठ कुटणारी बाई आणि ग्रंथाला सुंठीचं नाव देणारा पुरुष, दोघांमध्ये औषध कोण जास्त जाणतं हे मी तुमच्यावर सोडते.

या अठरांत एक ‘पळमोळी नानूरु’ आहे. पळमोळी म्हणजे म्हण, नानूरु म्हणजे चारशे. चारशे पद्यं, प्रत्येकात एक म्हण, बहुधा शेवटी. कालच्या आपल्या सत्राशी याचा थेट संबंध आहे. म्हण लोकांमधली. शेतात, पाणवठ्यावर, बाजारात तयार झालेली. कवीनं ती उचलली आणि तिच्या आधी आपला उपदेश बसवला. म्हण जुनीच, अर्थ मात्र आता त्यानं ठरवलेला. म्हण तशी लवचिक असते. एकच म्हण सून सासूला लावू शकते आणि सासू सुनेला. ग्रंथात गेली की तिचं तोंड एका दिशेला फिरवलं जातं. मला वाटतं, म्हणींचं राजकारण इथं सुरू होतं.

आणि आता ‘तिरुक्कुरळ’. याच्यापुढे बाकी सगळे ग्रंथ मागे पडतात. १३३ प्रकरणं, प्रत्येकात दहा द्विपदी, एकूण १३३०. तीन भाग: धर्म, अर्थ, काम. मोक्षाचा वेगळा भाग नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं. कर्ता तिरुवळ्ळुवर. कन्याकुमारीला समुद्रात १ जानेवारी २००० रोजी त्याचा पुतळा उभा राहिला, पायथ्यासकट १३३ फूट. त्यातला पायथा ३८ फुटांचा, कारण धर्माच्या भागात ३८ प्रकरणं आहेत. जन्मानं सगळे जीव सारखेच, हे या ग्रंथानं निःसंदिग्धपणे सांगितलं. म्हणून ब्राह्मणेतर चळवळीला तो आपला वाटला आणि आमच्या वस्तीतल्या दलित कुटुंबांनाही वाटतो. भिंतीवर फ्रेम असते. तिच्याविरुद्ध बोलायला मी गेले, तर त्या बायकाच मला दाराबाहेर काढतील, आणि बरोबरच करतील.

पण सहावं प्रकरण उघडा. नावाचा अर्थ ‘जीवनाची सोबत’, विषय पत्नी. उपदेश पुरुषाला आहे: तुला सोबत कशी हवी. त्यात एक प्रसिद्ध द्विपदी आहे, पंचावन्नावी. देवाला न भजता पतीला भजणारी स्त्री इतकी समर्थ, की तिनं सांगितलं की पाऊस पडतो. मधली एक द्विपदी सोडून आणखी एक आहे, तिच्यावर फारसं कोणी बोलत नाही, पण मला ती जास्त बोचते. बायकांना कोंडून, पहारा ठेवून काय उपयोग, तिनं स्वतःच स्वतःची राखण करावी हे उत्तम, असा तिचा आशय. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खूश झाले, की पडदा नको, कोंडणं नको म्हणणारा माणूस दिसतो! मग लक्षात आलं की पहारेकरी काढलेला नाही, त्याला फक्त आत नेऊन बसवलाय. आतल्या पहारेकऱ्याला पगार द्यावा लागत नाही आणि तो रात्री झोपतही नाही.

या प्रकरणाला लोकांनी एक जिवंत बाई जोडली, वळ्ळुवरची बायको वासुकी. ग्रंथात ती नाही, दंतकथेत आहे. ती विहिरीवर पाणी शेंदत होती, नवऱ्यानं हाक मारली, तिनं दोर तसाच सोडला आणि धावली. भरली घागर विहिरीत अधांतरी थांबली. दुसरी कथा अशी, की जेवताना तिनं रोज नवऱ्याच्या पानाशेजारी एक सुई आणि पाण्याची वाटी ठेवायची, असं त्यानं सांगितलं होतं. जन्मभर ठेवली. कशासाठी, ते कधी विचारलं नाही. मरताना विचारलं. तो म्हणाला, एखादं शीत खाली सांडलं तर सुईनं उचलून, पाण्यात धुऊन खायचं म्हणून. पण तुझ्या हातून कधी एक शीत सांडलंच नाही. ही कथा कौतुकानं सांगतात. आमच्या गटात सांगितली तेव्हा एक पाट्टी, म्हणजे आजी, तोंडाला पदर लावून म्हणाली, “आणि त्याच्या हातून? जेवत तर तो होता ना?” एवढ्या पिढ्या ही कथा ऐकताना हा प्रश्न कुणालाच पडला नसेल, असं मला वाटत नाही. पडला असेल, पदराआड राहिला असेल.

ग्रंथात पुढे ९१ वं प्रकरण सगळंच्या सगळं बायकोच्या मुठीत राहणाऱ्या पुरुषांविरुद्ध आहे. ते अर्थाच्या भागात, म्हणजे राज्यकारभार, मंत्री, सैन्य, शत्रू यांच्या पंगतीत. बायकोला भिणारा माणूस हे राजकीय संकट! आणि तिसऱ्या भागात, कामाच्या भागात, तीच स्त्री सतत बोलते. रुसते, झुरते, टोमणे मारते, भांडते. प्रेमात तिला भाषा दिली, नीतीत काढून घेतली.

हे सगळं तमीळ माणसांनी पाहिलेलं नाही, असं समजू नका. पेरियारनी १९३० च्या दशकात ‘स्त्री गुलाम का झाली’ या पुस्तकात ‘कर्पु’ म्हणजे पातिव्रत्याच्या कल्पनेवरच हल्ला केला. वळ्ळुवर आणि पातिव्रत्य यावर त्यात वेगळं प्रकरण आहे. तिरुवळ्ळुवर स्त्री असता, तर त्यानं असे विचार मांडले असते का, असं ते विचारतात. पुढे त्याच पेरियारनी कुरळचा प्रसारही केला. दोन्ही गोष्टी एका माणसानं केल्या, याचा मला आधार वाटतो. भारतींनी वेगळा मार्ग घेतला. त्यांनी ‘नवी आत्तिचूडी’ लिहिली. तेच अक्षर, ‘तै’. आता सूत्राचा आशय, बाईला वर आण. जुन्याच चौकटीत नवा दगड बसवला, म्हणून मुलांच्या तोंडी तोही बसला. तिसरा मार्ग भाष्यकारांचा. करुणानिधींनी आपल्या भाष्यात पावसाच्या द्विपदीचा अर्थ उलटा फिरवला, की अशी स्त्री हुकूम होताच थरथरत पडणाऱ्या पावसासारखी स्वतःला गुलाम मानते. हेतू चांगला असेल, पण हा मार्ग मला पटत नाही. शतकानुशतकं ज्या अर्थानं बायकांना वाकवलं, तो अर्थ ग्रंथात नव्हताच म्हटलं, तर मग वाकवलं कोणी?

आणि हे जुनं झालं, असंही नाही. २००२ मध्ये कुट्टी रेवती या कवयित्रीचा स्त्रीच्या स्तनांविषयीचा कवितासंग्रह आला, तर तिच्यावर गदारोळ झाला, धमक्या आल्या. २००५ मध्ये खुशबू या अभिनेत्रीनं लग्नाआधीच्या शरीरसंबंधांविषयी मत मांडलं. तमीळ संस्कृतीचा, तमीळ स्त्रीच्या ‘कर्पु’चा अपमान झाला म्हणून तिच्यावर वीसहून जास्त तक्रारी झाल्या. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या रद्द केल्या. पाच वर्षं ती बाई कोर्टाच्या पायऱ्या चढत होती, एका शब्दासाठी. चेन्नईच्या मरीनावरचा कण्णगीचा पुतळा २००१ मध्ये हलवला, तर राज्यभर वाद पेटला. २००६ मध्ये तो परत बसवला. ती ‘शिलप्पदिकारम’ची नायिका. निरपराध नवऱ्याला राजानं मारलं म्हणून पैंजण घेऊन दरबारात गेली, राजाला खोटं ठरवलं, मदुरा जाळली. लोक तिला पातिव्रत्याची देवी म्हणतात. मला तर त्या पुतळ्यात राजाकडे जाब मागायला हात उगारलेली बाई दिसते. पण एक लक्षात घ्या, तिला हात उगारायची परवानगी पातिव्रत्यानं मिळवून दिली. त्याच काव्यातली माधवी, गणिका, तिच्या दुःखासाठी कुठलंही शहर जळत नाही.

आता एक जुनी कविता, कारण ती वाचल्यावर मला या सगळ्याकडे बघायची दिशा मिळाली. संघम काळात तीसेक तरी कवयित्री होत्या. त्यांच्यापैकी एक राणी, पेरुंगोप्पेण्डु, भूतपांडियन राजाची. ‘पुरनानूरु’त तिची कविता आहे. नवरा मेलाय, ती चितेकडे निघाली आहे आणि वडीलधारे शहाणे लोक तिला अडवताहेत. ती त्यांना विधवेचं जेवण ऐकवते. तूप नसलेला, हातानं पिळलेला भाताचा गोळा, तिळाची चटणी, चिंच घालून शिजवलेला रानपाला. आणि निजायला चटईसुद्धा नाही, खडे. त्यापेक्षा आग बरी, असं तिचं म्हणणं. ही कविता सतीचं उदात्तीकरण म्हणून वाचतात. मी पुन्हा पुन्हा वाचली आणि मला ती साक्ष वाटली. शहाण्यांनी तिला जगण्याचा उपदेश केला, जगायला भात दिला नाही. उपदेश आणि भात यांचा हिशेब तिनं मांडला. सती जाणं बरोबर, असं मी म्हणत नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे एक मुलगी आली. लग्नाला दोन वर्षं, नवरा दारू पिऊन मारायचा. सोबत आई. आई म्हणाली, दगड असला तरी नवराच, गवत असलं तरी पुरुषच. ही तमीळमधली फार चालणारी म्हण. अनेकांना ती अव्वैची किंवा कुरळातली वाटते, पण कुरळात ती नाही. सासरा शिकलेला, त्यानं पावसाची द्विपदी म्हणून दाखवली. खोली गप्प झाली. मी त्याला त्याच ग्रंथाचं पंधरावं प्रकरण उघडून दाखवलं. परस्त्रीकडे नजर न टाकण्याविषयीचं आहे ते, आणि खरं पौरुष कशाला म्हणावं ते त्यात सांगितलंय. त्याच्या मुलाचं बाहेरही काही चालू होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सासऱ्यानं चष्मा काढून पुसला आणि विषय बदलला. जिंकल्यासारखं वाटलं खरं, पण खरी गोष्ट नंतर घडली. आईला मी एवढंच विचारलं, ही म्हण तुम्हाला पहिल्यांदा कोणी सांगितली? ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, माझ्या आईनं, माझा हात मोडला होता तेव्हा.

मुलगी त्या वेळी परत गेली. चार महिन्यांनी कायमची माहेरी आली. आई ती म्हण अजून म्हणते, स्वतःबद्दल. मुलीला म्हणत नाही.

तेव्हापासून गटात आम्ही म्हणी गोळा करताना पद्धत बदलली. म्हण चांगली की वाईट, हे विचारत नाही. कोणी सांगितली, कोणाला, त्या दिवशी घरात काय घडलं होतं आणि ती ऐकून कोण गप्प झालं, हे विचारतो. एकेका म्हणीला अर्धा तास जातो. कधी रडू येतं. कधी एखादी पाट्टी अव्वैची बाजू घेऊन भांडते, की तिला बोल लावू नका, गावोगाव कांजी मागून जगणारी एकटी बाई ती, ज्यांची कांजी प्यायची त्यांच्या मनातलं बोलावं लागत असेल. हेही आम्ही लिहून ठेवतो. शिक्षिकाबाई मुलांना ‘तै’ शिकवताना दोन्ही सूत्रं फळ्यावर लिहितात, अव्वैचं आणि भारतींचं, आणि कुठलं पाठ करायचं ते सांगत नाहीत. पालकांच्या तक्रारी येतात.

काल फळ्यावर लिहिलेल्या म्हणी मी वहीत उतरवून घेतल्या आहेत. एकूण ६३ झाल्या. संध्याकाळच्या गटचर्चेत प्रत्येकीनं त्यातली एकच घ्यावी, जी तिला स्वतःला कुणीतरी ऐकवली आहे. आणि गटप्रमुखांनी घाई करू नये. जेवण थोडं उशिरा झालं तरी चालेल, असं मी स्वयंपाकघरात सांगून आले आहे.